पाठीमागच्या नऊ ओळी

फोटो उलटा केला आणि नऊ ओळींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, नोराइरला आपलंच अक्षर दिसलं. मऊ पेन्सिलीनं, कागदाला वळ उठू नये अशा बेतानं लिहिलेलं, किंचित पुढं झुकलेलं, स्वतःवर खूश असलेलं अक्षर: ‘लिपी आर्मेनियन. मजकूर निरर्थक. लिहिणारी व्यक्ती निरक्षर असावी. अक्षरांची केवळ नक्कल.’ त्याखाली सही आणि चौदा वर्षांपूर्वीची तारीख. शिंप्याच्या दुकानात समोरासमोर लावलेल्या दोन आरशांत माणसाला अचानक स्वतःची मान मागून दिसावी, आणि ही थकलेली, केस विरळ झालेली मान कुणाची असं क्षणभर वाटावं, तसं त्याला झालं. त्यानं भिंग उचललं, पुन्हा ठेवलं. टेबलापलीकडं अर्पेनिक कोट न काढताच बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. साठीची, रुंद हाडाची, घाई नसलेली बाई.

“तुमचंच आहे ते, मास्तर,” ती म्हणाली. “मी विसरले नाही. पण म्हटलं, चौदा वर्षांत माणूस काहीतरी शिकतच असेल.”

येरेवानच्या शाळांमधून छत्तीस वर्षं जुनी आर्मेनियन शिकवून निवृत्त झाल्यावर नोराइरनं हा उद्योग मागं लावून घेतला होता. लोक त्याच्याकडं फोटो घेऊन येत. जुन्या बाजारात चादरीवर मांडलेले, घर विकताना कपाटामागं सापडलेले, संग्रहालयानं खोके भरभरून पाठवलेले, त्या मोडून गेलेल्या मोठ्या देशाच्या सत्तर वर्षांतले फोटो. त्यांना पुढची बाजू हवी असे. त्याला फक्त पाठ हवी असे. लिपी कोणती, भाषा कोणती, हात कोणत्या गावचा, मजकूर काय, हे तो सांगे आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं नोंदवून ठेवी. पुष्कळ पाठींवर एकच वाक्य असे, रशियनमध्ये, जॉर्जियनमध्ये, आर्मेनियनमध्ये: आठवण राहावी म्हणून. सैनिक हेच लिहीत, परिचारिका हेच लिहीत, समुद्रकाठी कागदी टोपी घालून उभे राहिलेले मुकादमही हेच लिहीत. इतक्या लोकांनी इतक्यांदा आठवणीची हमी मागितलेली पाहून त्याला कधीकधी वाटे, की एक प्रचंड विसर दाराशी उभा आहे हे त्या सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. पण हात ओळखण्याचा त्याला गर्व होता. वान शहराच्या शाळेत शिकलेला हात तो ‘ल’च्या पायावरून ओळखे. आपल्या लिपीतलं आपल्याला न कळणारं काही असू शकतं, हे त्याच्या मनाला शिवतच नसे. अक्षरं आपली, म्हणजे भाषा आपली. आणि भाषा आपली असून कळत नसेल, तर लिहिणाराच अडाणी. चौदा वर्षांपूर्वी हा हिशेब त्यानं अर्ध्या तासात उरकला होता.

“आता परत कशासाठी?” त्यानं विचारलं. प्रश्न उद्धट झाला, हे त्याला ऐकू आलं.

“दगडासाठी,” अर्पेनिक म्हणाली. मग तिनं नीट, क्रमानं सांगितलं, शेजारणीला पाककृती सांगावी तसं. तिला वाढवणारी मावशी, माक्रुही, गेल्या ऑक्टोबरात गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. वर्ष भरतंय, थडग्यावर दगड उभा करायचा. मुशेग मिस्त्री काळ्या दगडावर चेहरे कोरतो, हुबेहूब, पापणीचा केससुद्धा. मावशीचा चेहरा आहेच, पासपोर्टवरचा. पण त्याच दगडावर, शेजारी, आई हवी. आईचं थडगं नाही. दोघी बहिणी आपल्या आईला अलेप्पोत मागं ठेवून इकडं आल्या, आणि एकोणपन्नास साली सरकारनं त्यांना आगगाडीत घालून सैबेरियात, अल्ताईच्या जंगलात लाकडं तोडायला पाठवलं. वडील एक्कावन्नच्या उन्हाळ्यात ओंडक्याखाली गेले. आई बावन्नच्या मार्चमध्ये, अर्पेनिक तीन दिवसांची असताना. तिथं माती खणायलासुद्धा आधी शेकोटी पेटवावी लागे. खूण कुणी ठेवली नाही. आईचं नाव व्हेर्झिने. नावापलीकडं हा एवढा एक फोटो.

त्यानं तो सुलटा केला. ओंडक्यांची भिंत, बर्फ, पाच बायका. डावीकडं दोघी एकसारख्या शालींत, एकमेकींना चिकटून. उजव्या टोकाला एक म्हातारी. मधोमध एक उघड्या डोक्याची, जाड वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, हनुवटी उचललेली, छायाचित्रकाराकडं अशी बघत असलेली की त्यानंच मान खाली घालावी. आणि तिच्या नि म्हातारीच्या मधे कुणीतरी दोन-दोन शालींत गुंडाळलेलं, पायांत पुरुषी बूट, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा ओघळ, जणू ओल्या चित्रावरून कुणी तळहात फिरवला असावा.

“मधली,” अर्पेनिक म्हणाली. “उघड्या डोक्याची. ती माझी आई. मी अकरा वर्षांची असताना मावशीला विचारलं, ही ना? ती बोलली नाही. आमची मावशी बोलायचीच नाही हो, दगडाला बोलतं करा पण तिला नाही. मी ते हो धरलं. नोकरी लागली तशी ही एवढी मोठी करून घेतली, चौकट करून भिंतीवर लावली. चाळीस वर्षं तिच्यासमोर मेणबत्ती लावते आहे. पण मुशेग सोमवारी हातोडी घेणार. म्हणतो, ताई, दगडावर एक रेघ पडली की पुसता येत नाही, तेव्हा आत्ताच बघून घे. आणि मला झोप लागेना. मावशी हो म्हणालीच नव्हती ना कधी. मागं काही नाव असेल, खूण असेल, डावीकडून तिसरी असं काही. तेवढं सांगा. मी बसते.”

ती खरोखरच बसली. कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला, पर्समधून रुमालात बांधलेला गाताचा, गोड पावाचा, तुकडा काढून टेबलावर ठेवला. खिडकी उघडी होती. ऑक्टोबरच्या दुपारचा तो पिकलेला, जड उजेड आत आला होता. शेजारच्या सज्जात येरानुही म्हातारी लाल मिरच्या दोऱ्यात ओवत होती. तिला डोळ्यांनी दिसत नसे, पण बोटं चुकत नसत. अंगणावरून समोरच्या इमारतीपर्यंत गेलेल्या कपड्यांच्या दोरीची कप्पी मधूनमधून कण्हत होती. नोराइरनं भिंग धरलं आणि पहिल्या ओळीत उतरला.

अक्षर सुरेख होतं. हे त्याला तेव्हाही दिसलं असलं पाहिजे. नक्कल करणारा हात चाचरतो, वळणावर थांबतो, पुढचं अक्षर आठवतो. हा हात धावत होता. लिहिणारीला काहीतरी सांगायची घाई होती आणि जागा थोडी होती, म्हणून शेवटच्या ओळी दाटीवाटीनं, एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या होत्या. शब्द सुटे होते. विरामचिन्हं होती. एक अक्षर खोडून दुरुस्त केलेलं होतं. निरर्थक मजकुरात कुणी चूक दुरुस्त करतं का? तो दुसऱ्या ओळीवर गेला, तिसऱ्या. प्रत्येक अक्षराला त्याच्या डोळ्यांत घर होतं आणि एकाही शब्दाला नव्हतं. आपल्याच गल्लीतून चालावं, प्रत्येक दार ओळखीचं असावं, आणि दार उघडल्यावर आत परकी माणसं जेवायला बसलेली असावीत. चौथी. पाचवी. आणि सातव्या ओळीच्या मध्यावर, स्वल्पविरामाच्या आधी, तो शब्द. कुझुम.

तो थांबला नाही. थांबला असता तर बरं, असं त्याला पुढं वाटलं. तो पुढं वाचत गेला, नववी ओळ संपवली, भिंग पुसलं, आणि मग त्याला कळलं की आपण आत्ता जे केलं ते चौदा वर्षांपूर्वीही असंच केलं होतं. हा शब्द तेव्हाही इथंच होता. तेव्हाही त्याच्या आत काहीतरी लहान, उबदार, लोकरीचं हललं होतं, आणि त्यानं त्यावर पाय ठेवून पुढं जाऊन लिहिलं होतं: निरर्थक.

आठ वर्षांचा नोराइर अंगणात उभा आहे. तुतीच्या झाडाखाली पोरांचं रिंगण. वरच्या सज्जातून हुरिक आजी, काळ्या रुमालातली, पिठानं माखलेले हात कठड्यावर टेकून हाक मारते: कुझुम, कुझुम. माझ्या कोकरा. तिला दुसरी भाषा धड येत नाही. ती तुर्कस्तानातल्या सिलिसियातून निघाली तेव्हा तिच्या गावच्या सगळ्या आर्मेनियन माणसांच्या तोंडात तुर्कीच होती, पिढ्यान्‌पिढ्या. लिपी तेवढी आपली, चर्चमध्ये शिकलेली, जपलेली. ज्यांनी तिचे भाऊ विहिरीत टाकले त्यांची भाषा, आणि जिच्यात तिची आई तिला जोजवायची तीही तीच भाषा. दुसरी तिच्याजवळ नव्हतीच. मग अलेप्पो, मग सत्तेचाळीस साली जहाज, आणि मायभूमी म्हणून हे शहर, जिथं इथले लोक ‘भाऊ’ हा शब्द बाहेरून आलेल्यांसारखा हेल काढून उच्चारत आणि हसत. आई शाळेत आर्मेनियन शिकवायची. आई स्वैपाकघरात दात आवळून म्हणायची, मुलासमोर नको, मुलासमोर ते नको बोलूस. आणि अंगणातला एक लांब हातांचा पोरगा विचारतो, ही कोण रे भुंकते वरून, तुझी आजी का? आणि नोराइर, त्या भर दुपारी, त्या तुतीच्या काळ्या डागांवर उभा राहून, स्पष्ट, शुद्ध, व्याकरणशुद्ध आर्मेनियनमध्ये म्हणतो: आजी नाही. भाडेकरू आहे आमची.

ती ऐकून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं पूर्ण नावानं हाक मारली. नोराइर, जेवण. नोराइर, बूट. दोन-दोन शब्दांचं, काठीवर रेलल्यासारखं आर्मेनियन. पुढं पाच वर्षं ती जगली आणि हळूहळू तेही थांबलं. आईला वाटलं, म्हातारी सुधारली.

“काही सापडलं?” अर्पेनिकनं विचारलं.

एक वाक्य बोलायचं होतं. त्याच्या आयुष्यातली सगळी वाक्यं त्या एका वाक्याला वळसा घालून गेली होती, हे त्याला आत्ता, या पिवळ्या उजेडात, नकाशासारखं दिसलं. जुनी आर्मेनियन, पाचव्या शतकाची, जिच्यात कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही अशी शुद्ध भाषा त्यानं का निवडली, हेही.

“हे आर्मेनियन नाही,” तो म्हणाला. “हे तुर्की आहे. आपल्या अक्षरांत लिहिलेलं. म्हणून तुम्ही नेलंत तिथं तिथं कुणाला कळलं नाही. आपल्याला वाचता येतं, तुर्कांना कळलं असतं. दोन्ही एका माणसाजवळ नाही.”

गाताचे कण तिनं बोटानं एका जागी गोळा केले.

“चर्चमधले आमचे पाद्री म्हणाले, प्रार्थना असावी, मावशीबरोबर शवपेटीत ठेवा,” ती म्हणाली. “ठेवणारच होते.” मग: “आमच्या घरात? तुर्की?”

“माझ्याही घरात होती.”

“मग सांगा काय लिहिलंय.”

“मला येत नाही. एक शब्द येतो फक्त.”

“आणि हे तुम्हाला चौदा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं.”

तो खोटं बोलू शकला असता. “होतं,” तो म्हणाला. “नसल्यासारखं होतं.”

अर्पेनिक उठली नाही. त्याला वाटलं होतं ती उठेल, फोटो उचलेल, दार आपटेल, आणि मग निदान सगळं ठरल्यासारखं होईल. ती म्हणाली, “वाचा तर. ऐकू दे कसं वाजतं ते. आई बोलायची ते कसं वाजायचं, एवढं तरी.”

पन्नास वर्षांहून जास्त काळ या जिभेवर ते आवाज आले नव्हते. पहिली ओळ त्यानं अडखळत, पुटपुटत, चोरट्यासारखी वाचली. डोळे अक्षरं पुरवत होते आणि तोंड ती कुठल्यातरी विसरलेल्या साच्यात भरत होतं, आणि ती त्या साच्यात बसत होती, हेच भयंकर होतं. ओळ संपली. कप्पी कण्हली.

“अरे, ती मोठ्यानं वाच म्हणते ना,” सज्जातून येरानुही म्हणाली. “मग मोठ्यानं वाच की मेल्या. तोंडात मिठाचा खडा धरलायस का?”

“येरानुही आजी, तुम्हाला त्रास होत असेल तर खिडकी लावतो.”

“खिडकी काय लावतोस? मी नाही, ती म्हणते. ज्या बाईचं तू वाचतोयस ती.” म्हातारीनं मिरचीतून सुई ओढली. “जो कोणी हे माझ्या आईला वाचून दाखवेल त्यानं मोठ्यानं वाचावं, तिचा डावा कान गेलेला आहे. एवढंच तर म्हणाली. पुढं काय?”

नोराइरनं पहिल्या ओळीकडं पाहिलं. मोठ्यानं वाचावं. ही ओळ डोळ्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. अलेप्पोत मागं राहिलेल्या, अक्षरओळख नसलेल्या एका आईच्या उजव्या कानासाठी ती लिहिलेली होती; मधल्या कुठल्यातरी अनोळखी वाचणाऱ्यावर विश्वास टाकून, त्याला आधीच सूचना देऊन. आणि वाचणारा मिळाला होता असा, की ज्यानं ओठ घट्ट मिटून वाचलं.

तो उठून खिडकीपाशी गेला. अर्पेनिकही आली. दोन सज्जांच्या मधे हातभर अंतर होतं; पलीकडं येरानुही मांडीवर लाल माळ घेऊन, न दिसणारे डोळे उन्हाकडं करून बसली होती. ती आयुष्यात शाळेत गेली नव्हती. पण तिचा बाप सिलिसियाकडच्या आयंतापचा होता आणि अलेप्पोला येईपर्यंत घरात तुर्कीखेरीज दुसरी भाषा नव्हती, आणि तिनं ती कधी लपवलीही नव्हती. नोराइरच तिच्याशी भाजीच्या भावापलीकडं बोलत नसे.

त्यानं वाचलं. मोठ्यानं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवावा तसं. एक ओळ तो, मग एक ओळ ती. तो काय वाचतो आहे ते त्याला कळत नव्हतं, ती काय सांगते आहे ते तिला दिसत नव्हतं. आणि दोघांच्या मधल्या त्या हातभर हवेत एक तिसरी बाई उभी राहू लागली.

“आई, आम्ही पाचजणी आहोत,” येरानुही सांगत होती. “मधली, उघड्या डोक्याची, ती तुझी थोरली.” ती थांबली. “थोरली म्हणजे थोरली मुलगी. वाच.”

अर्पेनिकचा हात खिडकीच्या चौकटीवर होता. तो तसाच राहिला.

“थुंकी खाली पडायच्या आत तिचा खडा होतो इतकी थंडी, आणि ही बया उघड्या डोक्यानं उभी आहे, कारण तिची शाल माझ्या अंगावर आहे. शाल देताना ती मला काय काय बोलली ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला लाज वाटेल.” म्हातारी हसायला लागली. सुरुवातीला नाकातून, मग खांद्यांनी. “तुझं दुखणं मी घेते गं बाई, काय बोलली असेल ते मला ठाऊक आहे. माझी आईपण तेच बोलायची. वाच, वाच.”

“फोटोवाला म्हणाला, हलू नका. मला हसू आलं. म्हणून मी अशी दिसते, पिठात तोंड घातल्यासारखी. रागावू नकोस, पुढच्या वेळी नीट उभी राहीन. आणि त्यानं पाच मोजल्या, पण तो चुकला. आम्ही सहा आहोत. सहावं माझ्या कोटाखाली आहे, आणि तेच मला आतून लाथ मारून हसवत होतं.”

सातवी ओळ. नोराइरला ती येताना दिसली. त्याचा आवाज त्या शब्दाच्या उंबरठ्यावर अडला, आणि मग आपोआप, न ठरवता, वरच्या सज्जातून अंगणात मारायच्या हाकेच्या पट्टीत गेला: कुझुम. अंगणात खाली कुणीतरी वर पाहिलं.

“कोकरू,” येरानुही हळू म्हणाली. “तू मला हाक मारायचीस तीच हाक मी त्याला मारते, कोकरा म्हणून, म्हणजे बाहेर येईल तेव्हा त्याला तुझा आवाज ओळखू येईल. मुलगी झाली तर हसरी व्हावी. माक्रुहीवर गेली तरी चालेल, पण मग शाल तिची तिला विकत घ्यावी लागेल.” आणि नववी ओळ, दाटीवाटीची, कडेनं वर चढलेली: “संपलं, कागद संपला, मी नाही.”

येरानुही हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरच्यांच्या हातानं तिनं ते पुसलं, आणि मग डोळे झोंबले म्हणून तिनं तीच बोलणी, लिहिण्यासारखी नसलेली, मोठ्यानं उच्चारली. अर्पेनिक हसली. नोराइरनं तिच्याकडं पाहिलं. तिचा सबंध चेहरा हलला होता, डोळे, गाल, हनुवटी, सगळी कड पुसून गेली होती, आणि त्याला वाटलं, कुणी आत्ता हिचा फोटो काढला तर त्यात असाच एक पांढरा ओघळ येईल.

मग ती खाली बसली. फोटो सुलटा करून तिनं मधल्या बाईवर बोट ठेवलं. त्या वेणीवर, त्या भरलेल्या गालावर.

“त्याच हिवाळ्यात हा गाल गेला तिचा,” ती म्हणाली. “बर्फानं. नाकाचं टोकही. मी पाहिली ती मावशी अशी नव्हती, मास्तर. मला कसं कळणार होतं? चाळीस वर्षं भिंतीवर तिचाच फोटो होता. ती त्याच्याखाली बसून मटार सोलायची. मी तिच्यासमोर तिलाच मेणबत्ती लावायचे आणि आई म्हणायचे. आणि ती बोलली नाही. बोलली असती तर माझ्याकडं काय राहिलं असतं, हा एवढा धूर.” तिनं बोट हलवून त्या पांढऱ्या ओघळावर ठेवलं, हलकेच, गरम भांड्याला लावून बघावं तसं. “आधी शाल दिली. मग तोंडही दिलं.”

नोराइरला जे विचारायचं नव्हतं ते त्यानं विचारलं. “मागच्या वेळी मी लिहून दिलं, तेव्हा मावशी होत्या?”

“होती की. अक्रोड फोडत होती. मी म्हटलं, मास्तर म्हणतात, काही नाही त्यात. ती म्हणाली, बरं.” अर्पेनिकनं त्याच्याकडं सरळ पाहिलं, मधल्या बाईसारखं. “तिला वाचता येत नव्हतं. पण ऐकायला येत होतं. तुम्ही नुसतं वाचून दाखवलं असतंत ना, तर तिनं बहिणीला ऐकलं असतं.”

तो खोडरबर घेऊन आला. कोपऱ्यातल्या आपल्या नोंदीवर ते टेकवलं, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

“पुसू नका. ते तिथं होतं म्हणून मी तुमच्याकडंच परत आले, दुसरीकडं नाही गेले. खाली लिहा.”

त्यानं पेन्सिलीला टोक काढलं. खाली लिहिलं: ‘भाषा तुर्की. मोठ्यानं वाचली. वाचणारा आर्मेनियन, ऐकणारी येरानुही. मजकूर पूर्ण.’ आणि तारीख.

सोमवारी मुशेग मिस्त्रीच्या आवारात दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या बाकावर तिघे बसले होते. मुशेगनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “मधली कोरतो, मावशी म्हणून. झकास. पण ताई, आईचं काय करू? चेहराच नाही. धूर कोरू का? माझी काही अब्रू आहे की नाही या बाजारात? लोक म्हणतील, मुशेगचा हात हलला.”

“चेहरा नको,” अर्पेनिक म्हणाली आणि फोटो उलटा केला. “हे कोर. तिच्याच अक्षरात, आहे तसं. पहिली ओळ वर, शेवटची खाली, एवढ्या दोनच.”

मुशेगनं ओठ हलवत वाचलं. कपाळावर आठ्या चढल्या. “वाचता येतंय, कळत नाही. कुठली बोली आहे? लोक विचारतील तर काय सांगू?”

“सांगा, मोठ्यानं वाचायची बोली आहे,” नोराइर म्हणाला.

“आणि तुर्की आहे,” अर्पेनिक म्हणाली.

मुशेगचा हात थांबला. त्याचे आजोबा मुशचे होते, तुर्कांनी उठवलेल्या गावचे. नावातच ते गाव होतं. त्यानं दगडाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या त्या बाईकडं बराच वेळ पाहिलं. “माझी आजी झोपेत बोलायची,” तो शेवटी म्हणाला. “आम्हाला कळायचं नाही.” आणि त्यानं छिन्नी निवडायला सुरुवात केली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कोरड्या स्वच्छ थंडीत, दगड उभा राहिला. येरानुहीला दोघांनी दोन बाजूंनी धरून टेकडीवर आणलं; वाटभर ती दोघांच्या चालीला नावं ठेवत होती. डावीकडं माक्रुही, हनुवटी उचललेली, वेणी पुढं घेतलेली, भोवतीच्या दगडांवरच्या सगळ्या गंभीर कोटवाल्या पुरुषांना मान खाली घालायला लावणारी. उजवीकडं चेहऱ्याच्या उंचीवर ती धावती अक्षरं, खोडून दुरुस्त केलेलं एक अक्षरसुद्धा तसंच, मुशेगनं दुरुस्तीही कोरली होती. येरानुहीनं बोटं खोबणींतून फिरवली. तिला त्यातलं एकही ओळखू येत नव्हतं. “घाईत होती,” ती म्हणाली. अर्पेनिकनं आपल्या डोक्यावरची लोकरीची शाल काढून दगडाच्या माथ्यावर, मावशीच्या बाजूला, टाकली आणि उघड्या डोक्यानं उभी राहिली.

“वाचा, मास्तर.”

त्यानं वाचलं. दगडावरच्या दोन्ही ओळी, आणि मधल्या सात पाठ होत्या म्हणून त्याही. टेकडीवर वारा होता, आवाज चढवावा लागत होता, आणि तो चढत गेला. छत्तीस वर्षं मेलेल्या भाषेवर कमावलेला तो आवाज, आता पिठाच्या हातांनी कठड्यावर वाकलेल्या एका बाईच्या पट्टीत. सातव्या ओळीतली हाक त्यानं दोनदा वाचली. एकदा दगडावरच्या बाईसाठी. दुसऱ्यांदा खाली पसरलेल्या शहराकडं, तुतीचं झाड असलेल्या अंगणाच्या दिशेला तोंड करून. कोकरू म्हणून कुणीतरी त्यालाच बोलावत होतं, आणि या खेपेला त्यानं ओ दिली.

चार रांगा पलीकडं एक अनोळखी म्हातारा गुडघ्यांवर बसून कुणाच्यातरी थडग्यावरची वाळकी पानं वेचत होता. शाल देताना काय बोलली ते लिहीत नाही, या ओळीला त्याचा हात थांबला. तो कठड्याला धरून उठला, त्यांच्याकडं वळला, कानामागं तळवा धरला, आणि हसायला लागला.